‘६२५ द्या एक पाकीट’ : अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडच्या गोळीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून मला बरीच वर्षं झाली. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात सगळ्यात जास्त ऐकू येणारा आकडा म्हणजे ६२५. बसचा नंबर सांगावा तसा लोक तो सांगतात. गोळीचं नाव माहीत नसतं, आत काय आहे ते माहीत नसतं, पण आकडा पाठ. तेव्हा जे काउंटरवर दोन मिनिटांत नीट सांगता येत नाही, ते इथे सावकाश लिहिलं आहे. डोस किती आणि किती दिवस, हे मात्र तुम्हाला तपासणारे डॉक्टरच ठरवतील. ते काम ना माझं, ना या पानाचं.

६२५ म्हणजे नक्की काय?

बेरीज. ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. ऑगमेंटिन, क्लॅव्हॅम, मॉक्सिकाइंड-सीव्ही ही सगळी याच जोडीची बाजारातली नावं. ‘६२५’ हा आकडा गोळीची ताकद सांगत नाही. दोन वेगळ्या औषधांची वजनं एकत्र लिहिली आहेत, एवढंच.

एका गोळीत दोन औषधं कशाला?

अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं औषध. जंतूंची भिंत बांधली जात असताना ते त्यात खोडा घालतं. पण बऱ्याच जंतूंनी यावर तोड काढली. ते बीटा-लॅक्टमेज नावाचं एक रसायन तयार करतात आणि अमॉक्सिसिलिन भिंतीपर्यंत पोचायच्या आतच त्याचे तुकडे करून टाकतात.

वाड्याच्या दारात राखणीचा कुत्रा असावा, तसं हे रसायन. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड म्हणजे त्याच्यापुढे टाकलेली भाकरी. कुत्रा भाकरीला चिकटतो, पुन्हा उठत नाही, आणि अमॉक्सिसिलिन आत शिरतं. भाकरी स्वतः चोरी करत नाही. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड एकट्याने जंतू मारण्यात फारसं कामाचं नाही. गंमत म्हणजे तेही एका जिवाणूकडूनच मिळालं. स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस असं त्याचं लांबलचक नाव. बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात ते वेगळं केलं आणि १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये ही जोडगोळी बाजारात आली.

काही जंतूंनी मात्र वाड्याचं दारच बदललेलं असतं. तिथे कुत्र्याला कितीही भाकरी घाला, उपयोग नाही. म्हणूनच डॉक्टर कधीकधी आधी लघवीचं किंवा पुवाचं कल्चर करायला सांगतात, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघतात.

३७५ च्या दोन गोळ्या घेतल्या तर ६२५ चं काम होईल ना? किंवा १००० ची अर्धी?

नाही, आणि ही चूक भलतेच शिकलेले लोकही करतात. ३७५ मध्ये २५० अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्ह्युलॅनिक. ६२५ मध्ये ५०० आणि १२५. १००० मध्ये ८७५ आणि १२५. तिन्हींत दुसरा आकडा तोच आहे, नीट बघा. म्हणजे ३७५ च्या दोन घेतल्यात की अमॉक्सिसिलिन जमलं, पण क्लॅव्ह्युलॅनिक दुप्पट, २५० झालं. पोटाचा त्रास बराचसा याच भागामुळे होतो. उलट १००० ची गोळी मोडून अर्धी घेतलीत, तर क्लॅव्ह्युलॅनिक ६२.५ वर येतं.

डॉक्टरांनी लिहिलेली गोळी दुकानात नसेल तर त्यांना फोन करा. काउंटरवर गणित मांडू नका, आम्हालाही मांडायला लावू नका.

ही ‘हेवी’ गोळी आहे का?

हेवी-लाइट हे शब्द डॉक्टरांच्या पुस्तकात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिक्सची तीन गटांत विभागणी केली आहे. त्यातल्या सहज उपलब्ध असावीत अशा पहिल्या गटात ही जोडी बसते. हिच्यापेक्षा जपून वापरायची औषधं वेगळीच आहेत. पण पहिल्या गटात आहे म्हणजे शेंगदाण्यासारखी खायची, असं नव्हे. साध्या अमॉक्सिसिलिनने भागत असेल तिथे ही जोडी नकोच, कारण जास्तीच्या औषधाबरोबर जास्तीचा त्रासही येतो.

सर्दी, घसा, ताप. घेऊ का?

सर्दी विषाणूची. घसा बहुतेक वेळा विषाणूनेच धरतो. फ्लू विषाणूचा, डेंगी विषाणूचा. विषाणूला बांधायला भिंतच नसते, मग भिंत पाडणारं औषध कुणावर चालणार? तिसऱ्या दिवशी सर्दी उतरते ती उतरायचीच होती, आणि श्रेय जातं ६२५ ला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच आकडा.

पावसाळ्याचं आणखी एक. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालून आल्यावर किंवा कोकणात शेतातून आल्यावर ताप आला, की लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, शंका धरावी लागते. लेप्टो टाळण्यासाठी डॉक्टर देतात ते डॉक्सिसायक्लिन, ते औषध वेगळं. घरातली ६२५ घेऊन दोन दिवस ताप अंगावर काढला, तर ते दोन दिवस फुकट जातात. डेंगीतही तसंच, तिथे लक्ष प्लेटलेट्सवर आणि पोटात पाणी जातंय की नाही यावर हवं.

मग ही देतात तरी कशाला?

सायनसचा जिवाणूंमुळे झालेला संसर्ग, कानातला पू, काही प्रकारचा न्यूमोनिया, दाढेच्या मुळाशी पसरलेली सूज, कल्चरमध्ये जंतू दाद देणारा निघाला तर लघवीचा संसर्ग. दाढेचं मूळ दुरुस्त केल्याशिवाय किंवा दाढ काढल्याशिवाय मात्र नुसत्या गोळीने दुखणं दबतं, जात नाही. महिन्याभराने तोच गाल घेऊन माणूस पुन्हा दुकानात येतो.

प्राण्याच्या चाव्यात ही गोळी खरोखर कामाची आहे, कारण कुत्र्या-मांजराच्या तोंडातल्या बऱ्याच जंतूंना ती पुरी पडते. पण इथे जीव जाऊ शकेल असा एक गैरसमज आहे. रेबीज विषाणूचा आजार आहे आणि त्यावर ६२५ चा काडीचाही उपयोग नाही. चावा झाल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद-चुना-तिखट काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. गोळी हे त्यानंतरचं काम.

चिठ्ठी नाही, पण मागच्या वेळी हीच लागू पडली होती. द्याल ना?

नाही. ही शेड्यूल एचमधली गोळी आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायला कायद्याने बंदी आहे. पाकिटाच्या कडेला उभी लाल रेघ दिसते का? तिची ओळख लोकांना करून द्यायला आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये मोहीम काढली होती. माझ्या दुकानात अजून निम्म्या लोकांना ती रेघ डिझाइन वाटते.

खरं सांगायचं तर ‘नाही’ म्हटल्यावर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, आणि पुढच्या दुकानात मिळतं. आमच्या धंद्याची ही उघडी बाजू आहे, ती झाकण्यात अर्थ नाही.

जेवणाआधी की नंतर?

जेवायला बसताना. पहिल्या घासाबरोबर घेतली तर उत्तम. त्या वेळी क्लॅव्ह्युलॅनिक नीट शोषलं जातं आणि मळमळही कमी होते. सकाळी नुसत्या चहावर गोळी घेऊन लोकलला पळणाऱ्यांची दादरपर्यंत काय अवस्था होते, ते मी ऐकून आहे.

दूध चालतं. दुधाची अडचण डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशा औषधांना असते, हिला नाही. दारूशी हिचं थेट भांडण नाही. पण दातांचे डॉक्टर हिच्या जोडीला अनेकदा मेट्रोनिडॅझोल लिहितात, आणि त्याच्यावर दारू घेतली तर उलट्या, धडधड, चेहरा लालबुंद असे हाल होऊ शकतात. चिठ्ठीत दुसरी गोळी कोणती आहे ते विचारून घ्या. शिवाय यकृताला एक काम लावलेलं असताना दुसरं कशाला लावायचं?

एक डोस चुकला. पुढचे दोन एकदम घेऊ?

नको. आठवल्याबरोबर काहीतरी खाऊन घ्या. पुढच्या डोसची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. कुणाला ही गोळी दिवसातून दोनदा लिहितात, कुणाला तीनदा. शेजाऱ्याची वेळ तुम्हाला लागू नाही.

दोन दिवसांत बरं वाटलं. बंद करू?

डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले असतील तर पाच. बरं वाटणं म्हणजे जंतू संपणं नव्हे. पण याची दुसरी बाजूही आहे. ‘जास्त दिवस घेतली की मुळापासून जातं’ हा जुना समज आता मागे पडतोय, अनेक साध्या संसर्गांना पाच-सात दिवस पुरतात. तेव्हा पाकिटात दोन उरल्या म्हणून त्याही संपवायच्या, असं करू नका. मधेच थांबवावीशी वाटली तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि दोन-तीन दिवसांत काहीच उतार नसेल, तर गोळी बदलायची की निदान, हे त्यांनाच ठरवू द्या.

गोळी घेतल्यावर अंगावर पित्त उठलं. आमसुलाचं पाणी लावलं, बरोबर ना?

या प्रश्नावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथे आपली भाषाच आपल्याला फसवते.

अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठल्या की आपण म्हणतो ‘पित्त उठलं’. मग डोकं आपोआप अ‍ॅसिडिटीकडे जातं. जागरण झालं असेल, तिखट खाल्लं असेल, आजी आमसूल भिजत घालते, अंगाला लावते, खाज थोडी कमी होते आणि गोळी तशीच चालू राहते. पण अँटिबायोटिक चालू असताना उठलेलं ‘पित्त’ ही त्या औषधाची अ‍ॅलर्जी असू शकते. पेनिसिलिनच्या घराण्यातली अ‍ॅलर्जी पुढच्या डोसला आणखी जोरात येऊ शकते.

तेव्हा गांधी उठल्या तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांना फोन. आणि ओठ, जीभ, डोळ्यांभोवती सूज येतेय, आवाज घोगरा होतोय, दम लागतोय, घेरी येतेय, यातलं काहीही असेल तर फोन डॉक्टरांना नाही, १०८ ला. हे गोळी घेतल्यावर काही मिनिटांत होऊ शकतं. अंगाची कातडी सोलल्यासारखी होणं, तोंडात-डोळ्यांत फोड येणं, हेही तितकंच तातडीचं.

सगळ्या पुरळांचा अर्थ एकच नसतो. चार-पाच दिवसांनी येणारे सपाट लाल ठिपके कधी वेगळ्या कारणाने असतात. काही विषाणूंच्या तापात हे औषध घेतलं की पुरळ उठू शकतं. पण हा निवाडा घरी करायचा नाही. पुरळाचा फोटो काढा, कारण डॉक्टरांकडे पोचेपर्यंत ते नेमकं मावळतं.

लहानपणी इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली होती, असं सांगणारे पुष्कळ असतात. नीट तपासल्यावर त्यांतल्या बहुतेकांना खरी अ‍ॅलर्जी नसल्याचं निघतं. पण तपासणी होईपर्यंत ती आहे असंच धरून चाला आणि प्रत्येक डॉक्टरला सांगा. नाव ‘-सिलिन’ने संपतं अशी बहुतेक औषधं याच घराण्यातली. औषधाचं नाव, काय झालं होतं, कोणत्या वर्षी, असं कागदावर लिहून पैशांच्या पाकिटात ठेवा. ‘ती पांढरी लांबट गोळी’ हे वर्णन कुणाच्याच कामाचं नाही. बाजारातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि लांबट आहेत.

पोट बिघडलं. गोळी ‘गरम’ पडली का?

गरम-थंडचा प्रश्न नाही. औषध चांगल्या-वाईट जंतूंत फरक करत नाही, आतड्यातले उपयोगी जंतूही त्यात जातात. दिवसातून दोन-तीनदा पातळ होणं या गोळीत नेहमीचं आहे. पाणी, ओआरएस, दही-भात, ताक चालू ठेवा. पाकिटावर ‘एलबी’ लिहिलेलं असतं ते गोळीत टाकलेले लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलस. घरचं दही खात असाल तर त्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात मला तरी फार दम वाटत नाही.

शौचात रक्त, पोटात कळा, ताप, किंवा पाण्यासारखे जुलाब थांबतच नाहीत, असं असेल तर मात्र डॉक्टर. गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही असं होऊ शकतं. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी मनाने घेऊ नका, आत जंतूचं विष असेल तर ते कोंडलं जातं. तोंडात पांढरा थर किंवा बायकांना योनीमार्गात खाज, हा बुरशीचा प्रकार. त्यावर साधे उपाय आहेत, फक्त लाजून गप्प बसू नका.

गोळ्या संपून तीन आठवडे झाले आणि आता डोळे पिवळे दिसताहेत. संबंध असेल?

असू शकतो. औषध बंद केल्यावर काही आठवड्यांनीही कावीळ दिसू शकते. हे क्वचित होतं. उतारवयातल्या पुरुषांत आणि जास्त दिवस गोळी घेतलेल्यांत त्याचं प्रमाण थोडं जास्त. गडद लघवी, अंगभर खाज, भूक मेलेली, ही खूण. बहुतेकांना हळूहळू पूर्ण उतार पडतो, पण रक्ततपासणी लागते. कावीळ ‘उतरवून’ घ्यायला किंवा गावठी मुळी प्यायला जाऊ नका, आधीच दुखावलेल्या यकृतावर आणखी एक अनोळखी औषध पडतं. डॉक्टरांना सांगा की महिन्याभरापूर्वी ६२५ घेतली होती. हे सांगायचं लोकांना सुचतच नाही, आणि डॉक्टर आदल्या आठवड्याबद्दलच विचारतात. एकदा या औषधाने कावीळ झाली, की ते औषध तुमच्यासाठी कायमचं बाद.

असे दुष्परिणाम तुम्ही स्वतःही कळवू शकता. केंद्र सरकारच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४.

माझ्या बाकीच्या गोळ्या चालू आहेत. चालेल?

रक्त पातळ करायची वॉरफॅरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम चालू असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा) वर जाऊ शकतो, मधेच तपासावा लागतो. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेत असाल तर ते शरीरात साचू शकतं. युरिक अ‍ॅसिडच्या अ‍ॅलोप्युरिनॉलबरोबर पुरळाची शक्यता वाढते. किडनी बदललेल्यांच्या मायकोफेनोलेटवरही परिणाम होतो. गर्भनिरोधक गोळीवर थेट परिणाम नाही, पण उलट्या-जुलाबांत ती गोळीच पोटात टिकली नाही तर भरवसा उरत नाही.

किडनी कमजोर असेल तर डोस बदलतो, आणि बरीच कमजोर असेल तर १००० ची गोळी वापरतच नाहीत. शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट बरोबर न्या.

मी गरोदर आहे / बाळ अंगावर पितंय.

गरज असेल तेव्हा डॉक्टर ही देतात. दिवस भरण्याआधीच पाणी गेलेलं असेल तर टाळतात, कारण त्यात नवजात बाळाच्या आतड्यांना धोका दिसला आहे. अंगावर पाजायचं बंद करायची गरज नाही. बाळाची शी पातळ होते का, तोंडात पांढरं दिसतं का, अंगावर काही उठतं का, एवढं बघा.

पोराचं सिरप. पाणी किती घालायचं?

बाटलीवर रेघ असते, तिच्यापर्यंत. काही कंपन्या सोबत पाण्याची छोटी कुपी देतात. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी. आधी बाटली आपटून पावडर सैल करा, थोडं पाणी घालून हलवा, फेस बसू द्या, मग रेघेपर्यंत भरा. फेसाला पाणी समजून थांबलात तर औषध घट्ट राहतं आणि रोजचा डोस चुकतो. जमत नसेल तर इथेच करून मागा, आम्ही आनंदाने देतो.

त्यानंतर फ्रिजमध्ये, पण फ्रीझरमध्ये नाही. दर वेळी हलवून द्यायचं. लेबलवर लिहिलेल्या मुदतीनंतर, आपल्याकडे बहुधा सात दिवसांनी, उरलेलं फेकायचं. ‘धाकट्यालाही खोकला आहे, त्यालाच देते’ हे नको.

सिरपही दोन ताकदींत येतं. पाच मिलीत २२८.५ आणि पाच मिलीत ४५७. म्हणजे ‘पाच मिली’ एवढं लक्षात ठेवून उपयोग नाही, बाटली बदलली की डोस दुप्पट किंवा निम्मा. आणि माप झाकणाने किंवा सिरिंजने घ्या. स्वयंपाकघरातल्या पोह्यांच्या चमच्याचा आकार प्रत्येक घरात वेगळा.

गोळी पाकिटातून काढली तर डाग पडलेली होती. चालेल?

नाही, परत आणा. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड ओल शोषून घेतं आणि बिघडतं. म्हणूनच ही गोळी जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पाकिटात येते. आठवड्याच्या गोळ्या सोमवार-मंगळवारच्या कप्प्यांत भरून ठेवणारी प्लॅस्टिकची डबी इतर औषधांना ठीक, हिला नको. जुलैतल्या कोकणात तर नकोच. गोळी घ्यायच्या क्षणीच फोडायची. गॅसच्या वरच्या फळीवर आणि बाथरूमच्या कपाटातही ठेवू नका.

डॉक्टरांनी एक नाव लिहिलं, जनऔषधीत दुसरंच दिलं.

पाकिटावर अमॉक्सिसिलिन ५०० आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड १२५ हेच दोन आकडे असतील तर औषध तेच. ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या ३०० मोठ्या ब्रँड्सच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. मोबाइलने स्कॅन केला की बॅच नंबर आणि मुदत दिसते. न जुळल्यास पाकीट आणि बिल घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. त्यासाठी बिल मागा. ते मागताना दुकानदाराचं तोंड वाकडं झालं तरी मागा.

चार गोळ्या उरल्यात. परत घ्याल का?

सुट्या किंवा कापलेल्या पाकिटातल्या गोळ्या आम्हाला परत घेता येत नाहीत, कारण त्या कुठे आणि कशा ठेवल्या होत्या ते आम्हाला माहीत नसतं. संडासात टाकू नका, गटारातल्या जंतूंनाही सवय लागते. पाकिटातून काढून वापरलेल्या चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीला गाठ मारा आणि कचऱ्यात टाका.

गेल्या आठवड्यात एक काकू श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन आल्या. आत सुट्या गोळ्या, नऊ-दहा पाकिटांची कापलेली टोकं आणि २०१९ मध्ये मुदत संपलेली एक ६२५. “घरात असलेल्या बऱ्या,” म्हणाल्या. काउंटरवर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघांनी मिळून तो डबा निवडला. ठेवण्यासारख्या निघाल्या फक्त पॅरासिटॅमॉलच्या तीन गोळ्या.